एकच दिवस ताप

मलकापूर
रविवार, १३ जून २०२१

प्रिय योगिनी,

मार्चमध्ये तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बरेचदा लावून पाहिला. आता लावणार नाही. पत्राचं एक बरं असतं, ते उचलावं लागत नाही. टेबलावर पडून राहिलं तरी त्याची घंटी वाजत नाही.

हॉस्टेलमध्ये दर रविवारी आपण घरी पत्रं लिहायचो आणि सिस्टर फिलोमिनांकडे उघडी द्यायचो. त्या वाचायच्या आणि मग पाकीट चिकटवायच्या. त्यामुळे आपण सगळ्याच मुली एका विद्येत तरबेज झालो. 'येथे सर्व कुशल. जेवण चांगले आहे. हवा छान आहे.' माझी आई म्हणायची, शैलूच्या पत्रात हवा फार छान असली की समजावं, पोरगी रडते आहे.

तर इथली हवा छान आहे. दुकानं पुन्हा उघडली आहेत. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीवरून सारख्या ॲम्ब्युलन्स जायच्या, आता रस्त्यात कुत्री निवांत झोपतात. माझं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. ते कोरोनातही कधी बंद पडलं नाही. सगळं जग बंद होतं तेव्हा मी आणि मशीन चालू होतो.

शेजारच्या कॉटवर पुष्पाबाई असतात. धामणगाव बढ्याच्या. त्यांचा भाजीचा मळा आहे. नवरा उकंडराव त्यांना मोटरसायकलवर घेऊन येतो, मागे बायको आणि पुढे टाकीवर भाजीची गोणी. पुष्पाबाई मशीनवर चढल्या की तो फाटकाबाहेर गोणी उघडून बसतो. मी एकदा म्हटलं, "उकंडराव, इथेसुद्धा धंदा?" तर म्हणाला, "मंग चार घंटे काय करू बाई? आत तिचं पाणी निघते, बाहेर माहा माल निघते." पुष्पाबाई कॉटवरून ओरडल्या, "अन् टमाटे मांग ठेवजा! मले पाहूबी देऊ नका!" किडनीवाल्यांना टोमॅटो चालत नाही. आयुष्यभर टोमॅटो लावणाऱ्या बाईला तो तोंडात घालता येत नाही. मला मात्र तो दोडके आणून देतो. पैसे घेत नाही. "तुमच्यामुळं हे धडकी हाय," म्हणतो, म्हणजे बायको धडधाकट आहे ती माझ्यामुळे.

हे वाक्य मी इतका वेळ टाळत होते.

तू शेवटी काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "प्रसेनजितला लस नुसती बघायलाही मिळाली नाही, शैलू. सप्टेंबरातच गेला तो. आणि तुला घरापासून दोन गल्ल्यांवर मिळते आहे, आणि तू मला सांगतेस की तुला कंटाळा आलाय?" त्यानंतर तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. नवरा गेलेल्या मैत्रिणीला तसं सांगायला नको होतं. पण मी ते जगात फक्त तुलाच सांगितलं, एवढं लक्षात घे.

मी अजून लस घेतलेली नाही. आणि इथे सगळ्यांना वाटतं की मी घेतली आहे. पुष्पाबाईंना, उकंडरावांना, डायलिसिसच्या सगळ्या हॉलला, विहंगलासुद्धा. माझ्या पोटच्या मुलाला मी फोनवर सांगितलं, "झालं रे बाबा, कागदही मिळाला."

हवा छान आहे.

तुझी
शैलजा


रविवार, २० जून

प्रिय योगिनी,

तुझं उत्तर येईल असं धरून लिहीत नाहीये. पण मागच्या पत्रात एक वाक्य लिहिलं आणि त्या वाक्याच्या पुढचं पोटात राहिलं. ते तिथे राहून बरं करत नाही.

मार्चमधलीच गोष्ट आहे. डिंपल, आमची टेक्निशियन, मशीनच्या नळ्या जोडता जोडता सगळ्यांना म्हणाली, "साठच्या वरचे अन् किडनीवाले, सगळ्यांचं इंजेक्शन चालू झालं आहे. कोणी कोणी घेतलं?" पुष्पाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी घेतली काय?"

तुला त्या 'बाई'चं वजन कळणार नाही. या गावातल्या अर्ध्या लोकांना मी इंग्रजी शिकवलं आहे. आणि सबंध २०२० साल मी त्या हॉलला शिकवत होते. मास्क हनुवटीवर आला की मी कॉटवरून ओरडायची, "नाकावर! नाकावर घ्या!" साबण कसा लावायचा, पैसे हातात कसे घ्यायचे नाहीत, सगळं. खिडकीजवळचे माणिकराव म्हणायचे, "भरली बाईची शाळा." सगळे हसायचे आणि मास्क नाकावर घ्यायचे. अशा बाईला कोणी विचारतं, घेतली काय? 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, काऊन? आणि माझं उत्तर होतं, मी थकले. त्या हॉलमध्ये हे उत्तर चालत नाही ग. तिथे थकलेला नाही असा माणूसच नाही.

मी म्हटलं, "घेतली."

खरं काय होतं ते सांगते. मला लशीची भीती नव्हती. फोनवर जे काय काय फिरत होतं त्यातलं एक अक्षर मी मानलं नाही. पण प्रत्येक वेळी मशीनच्या दोन सुया हातात. पाणी फुलपात्रानं मोजून. मीठ चिमटीनं. भाजी उकळून तिचं पाणी फेकून. त्यात ते वर्ष. दुधाची पिशवी धुवायची, कडीला औषध लावायचं, मुलाला दिवाळीला येऊ नको म्हणायचं. सगळं केलं. आणि मग कोणीतरी म्हणालं, आता आणखी एक सुई. योगिनी, इतक्या वर्षांत ती पहिली सुई होती जिला मी नाही म्हणू शकत होते. बाकी कुठल्याही सुईला नाही म्हटलं तर आठवडाभरात संपते मी. मला फक्त एकदा नाही म्हणून बघायचं होतं. पुढच्या आठवड्यात घेऊच की, असं मनात होतं.

आणि 'घेतली' म्हटल्यावर तर ते दारच बंद झालं. कुठल्या रांगेत उभी राहू मी या गावात? पहिलाच माणूस म्हणणार, "बाई, तुमचं तर झालं होतं ना?"

इथवर तू कदाचित माफ करशील. पुढचं आता लिहिते.

पुष्पाबाईंनी आणखी विचारलं होतं, "मंग तरास?"

"दंड दुखला थोडा," मी म्हटलं. "एक दिवस ताप. दुसऱ्या दिवशी काही नाही."

कुठून आलं ते कोण जाणे. खोटं बोलताना माणूस नेमकं बोलतो. नुसतं 'घेतली' उघडं पडलं असतं, म्हणून त्याला मी दंड लावला, ताप लावला, ताप एका दिवसात उतरवला.

आता हे समजून घे. आमच्या सेंटरच्या दारात ताप बघतात, ती पिस्तुलासारखी वस्तू कपाळाला लावून. ताप असला की आत प्रवेश नाही, आधी कोरोनाची तपासणी. तो नियम बरोबरच आहे, आत आम्ही सगळे असे अर्धमेले. पण तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मशीन नाही. पुष्पाबाईंना लशीपेक्षा तेच भय होतं. त्यांनी माझ्यासमोरच हिशोब केला. "बाईले एक दिवस ताप. म्हणजे शुक्रवारी मशीन झाली की शनिवारी टोचून घ्याचं. रविवारचा ताप. सोमवारी मोकळी." आणि एप्रिलमध्ये एका शनिवारी त्यांनी गावच्या दवाखान्यात जाऊन लस घेतली.

ताप तीन दिवस राहिला.

सोमवारी मी आत कॉटवर होते, सुया लागलेल्या. काचेच्या दारातून मला त्या दिसल्या. डोक्यावरून पदर, कपाळ पुढे केलेलं. वस्तू वाजली. उकंडराव काहीतरी बोलत होता, हात जोडत होता. पुष्पाबाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान भिंतीकडे फिरवली.

तो एप्रिल होता, रिपोर्ट लवकर येत नव्हते. सोमवारची मशीन गेली, बुधवारचीही गेली. गुरुवारी रिपोर्ट चांगला आला आणि त्यांना आणलं, तेव्हा त्यांच्या अंगात इतकं पाणी साठलं होतं की आडवं होता येत नव्हतं. आदल्या रात्री उकंडरावांनी त्यांना स्वतःच्या छातीला टेकवून बसवून ठेवलं होतं.

त्या वाचल्या. वाचून पहिल्या दिवशी हॉलमध्ये आल्या तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं रगत चांगलं हाय बाई. माह्यंच खराब. तुमाले एक दिवस, मले तीन दिवस."

शै.


रविवार, २७ जून

प्रिय योगिनी,

आज हे पत्र लिहायला बसले आणि तुझा कांदा आठवला. ड्रिलच्या तासाला जायचं नसलं की तू काखेत कांदा धरून बसायचीस आणि ताप आलाय म्हणून सिस्टरांना कपाळ दाखवायचीस. ताप कधी आला नाही. वास मात्र सगळ्या डॉर्मिटरीला आला. सिस्टर म्हणाल्या, "योगिनी, प्रभूला भाजी आवडते, पण काखेतली नाही." आपण प्रेयरला उभ्या राहून हसत होतो आणि हसू दाबताना तुला उचकी लागली होती. इतकं स्वच्छ खोटं पुन्हा कधी बोलताच आलं नाही.

मंगळवारी उकंडराव घरी आला. कधी येत नाही. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशीच उभा राहिला. हातात दोडके.

"बाई, एक काम होतं तुमच्याकडं. आता जुलैत तिची दुसरी सुई हाय. डिंपल मॅडम म्हणते, घ्याच लागते, नाही तं पहिली वाया जाते. हे ऐकत नाही. मी थकलो सांगून सांगून."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"सांगतलं. त्याइचं ऐकते काय? तिचं एकच. माह्यं शरीर खराब हाय, बाईचं चांगलं हाय, बाईले सोसते, मले सोसत नाही. आता तुमीच बोला. तुमच्या शब्दाभाईर नाही ते." मग दोडक्याची पिशवी त्यानं दाराच्या कडीला अडकवली. "तवा बी तुमच्याच शब्दावर घेतली होती तिनं."

त्यात टोमणा नव्हता, योगिनी. असता तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी मी ठरवून गेले होते की सांगायचं. सुया लागल्या, मशीन चालू झालं, डिंपल पलीकडे गेली. मी म्हटलं, "पुष्पाबाई, एक सांगायचं होतं. मला ताप एकच दिवस नव्हता." आणि तिथे, बघ, घोड्यानं ऐन वेळी पाय मागे घ्यावा तसं झालं. "मलाही तीन दिवस होता. मी तेव्हा तुम्हाला नीट सांगितलं नाही."

त्या हसल्या. मायेनं हसल्या. "जाऊ द्या बाई. मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यल्या तुमी. कालच आमचे हे आले होते तुमच्याकडं, मले काय माहीत नाही काय?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमी लय चांगल्या हा."

एका खोट्याच्या ठिगळाला दुसरं खोटं लावलं, तर त्या बाईंनी ते चांगुलपणा म्हणून ओळखलं.

खिडकीजवळची कॉट मेमध्ये रिकामी झाली, माणिकराव कोरोनानं गेले. त्यांनी लस घेतली नव्हती. माझ्यामुळे त्यांना झालं नाही. मला कोरोना झालाच नव्हता, दर वेळी तपासणी चांगली आली. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगते की आता सांगतानाच लाज वाटते. लस न घेता, घेतली म्हणून, मी त्या बंद हॉलमध्ये सगळ्यांच्या मध्ये झोपत होते. होऊ शकलं असतं. झालं नाही, यात माझं काही नाही.

पुष्पाबाईंनी दुसरी लस घेतली नाही आणि पुढची लाट आली, तर? आमच्यासारख्यांचं काय होतं ते प्रत्येक कॉटला माहीत आहे. आणि त्या घेणार नाहीत, कारण माझा न आलेला ताप एका दिवसात उतरला.

शैलजा


बुधवार, ७ जुलै

योगिनी,

आज रविवार नाही, तरी लिहिते आहे.

परवा सोमवारी सांगितलं. या वेळी आधी काही जुळवून गेले नाही. जुळवलं की मी खोटं बोलते.

"पुष्पाबाई, मी लस घेतलेली नाही."

"दुसरी?"

"पहिलीही."

त्यांनी आधी माझ्या दंडाकडे पाहिलं, जसं काही तिथे लिहिलेलं असावं.

"मंग तो ताप?"

"नव्हता."

"एक दिवसाचाबी?"

"एक दिवसाचाही नाही. मी मनानं सांगितलं होतं."

मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. वऱ्हाडी बाई शिव्या द्यायला लागली की ऐकवत नाही, पण मला त्या ऐकायच्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी सोमवारी दारात उभी होती, तवा तुमी आत होत्या."

"हो."

"मले पाह्यलं तुमी. मंग भिताडाकडं तोंड केलं."

"हो."

"तवा तुमाले मालूम होतं."

"हो, पुष्पाबाई."

त्यांनी मोकळ्या हातानं चादर ओढून तोंडावर घेतली. लगेच डिंपल धावत आली. "मावशी, तोंड झाकायचं नाही, मला चेहरा दिसला पाहिजे." चादर खाली केली. नळ्यांमुळे त्यांना कूस पलटता येत नव्हती, मला उठता येत नव्हतं. बाकीचा सगळा वेळ आम्ही दोघी समोरासमोर तशाच पडून होतो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं आणि ते पुसायला त्यांचा एक हात पुरत नव्हता. शाळेत कधी मला कोंडून ठेवलं नव्हतं. कोंडणं म्हणजे काय ते मला साठी उलटल्यावर कळलं.

सुटल्यावर मी डिंपललाही सांगितलं. ती पोर नुसतं "बाई, तुम्ही?" म्हणाली. विहंगला रात्री फोन केला. तो खूप ओरडला. ओरडण्याच्या शेवटी म्हणाला, "थकली होतीस तर मला सांगायचंस ना आई." तू येऊ नको, मी ठीक आहे, हे वर्षभर मीच त्याला सांगत होते.

आज सकाळी फाटकात उकंडराव गोणीशी बसला होता. मी थांबले. त्यानं दोडके दिले नाहीत. माझ्याकडे न बघता भेंडीवर पाणी शिंपडत म्हणाला, "बाई, लगनाले तीस वर्षं होऊन राह्यले. माह्यं एक ऐकलं नाही तिनं. तुमचं पह्यल्याच बारीले ऐकलं." शिंपडून झालं तरी तो शिंपडतच राहिला. "चांगलं ऐकलं."

आत पुष्पाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. डिंपलनं विचारलं, "मावशी, कॉट बदलून देऊ का?" मला ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "काऊन? मी काऊन बदलू?" आणि मग, मशीन संपत आलं तेव्हा, छताकडे बघत:

"शनवारी या धामणगावले."

"मी?"

"मंग काय भिताड येईन? आमच्या दवाखान्यात या. माह्यासमोर घ्या सुई. तुमाले ताप किती दिवस येते ते पाहीन मी. रोज फोन करीन. मंग माह्यं काय कराचं ते ठरवीन."

मी हो म्हटलं.

"अन् खोटं सांगसान तं मले समजते आता," त्या म्हणाल्या.

शैलजा


बुधवार, १४ जुलै

योगिनी,

शनिवारी जाऊन आले. डिंपलनं बजावलं होतं, डायलिसिसच्या हाताला नाही, उजव्याला. रिक्षानं गेले, सगळी वाट तो उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते, जसं काही दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलं आहे.

दवाखान्यात बरीच गर्दी होती. पुष्पाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. काँप्युटरवरच्या मुलानं वर न बघता विचारलं, "पहिला का दुसरा?" मी उगाच पर्स उघडून आधार कार्ड शोधायला लागले. मागून पुष्पाबाई खणखणीत म्हणाल्या, "पह्यला! बाईचा पह्यला हाय!" त्या मुलानं वर पाहिलं. माझा विद्यार्थी निघाला. "मॅडम?" म्हणून तो उभाच राहिला. रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिच्या भीतीनं मी चार महिने रांग चुकवली, ती नजर हीच. मी मेले वगैरे नाही. कान तेवढे तापले.

हॉस्टेलमध्ये इंजेक्शनच्या दिवशी तू माझ्या पुढे उभी राहायचीस आणि डावा हात मागे करून ठेवायचीस, मला धरायला. आठवतं? खुर्चीवर बसले तेव्हा मी नकळत हात पुढे केला. समोर पुष्पाबाई होत्या. त्यांनी तो धरला नाही. पदराखाली हात बांधून उभ्या राहिल्या आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत नीट पाहून घेतलं.

मग मी घरी येऊन तापाची वाट बघत बसले.

माझं गणित असं होतं. मला तीन दिवस ताप आला, किंवा चार, तर त्यांना कळेल की त्यांच्या रक्तात खोट नाही. दोघींचं सारखं होईल. फिटेल काहीतरी. शनिवारी संध्याकाळी फोन आला.

"आला काय?"

"अजून नाही."

रविवारी सकाळी उठून थर्मामीटर लावला. काही नाही. दुपारी शाल घेऊन बसले. काही नाही. दंड दाबून पाहिला तर तोसुद्धा धड दुखेना. संध्याकाळ होत आली आणि, तुला सांगते, साठी उलटलेली मी स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीकडे बघत उभी होते.

कारण मला दिसत होतं ना! आता फोन येणार. आता मी "आलाय, चांगला फणफणलाय" म्हटलं तर त्यांचं मन हलकं होणार. "तीन दिवस राहिला" म्हटलं की त्या जाऊन दुसरी लस घेणार. आणि "नाही आला" हे खरं सांगितलं, तर त्यांना जे वाटतं तेच मी पक्कं करणार: बाईचं रक्त चांगलं, आपलं खराब. एवढं उपयोगी खोटं माझ्या हातात याआधी कधी आलं नव्हतं. मार्चमधलं माझ्या सोयीचं होतं. हे त्यांच्या जिवाच्या सोयीचं होतं.

फोन वाजला.

"आला काय?"

मी कट्ट्याला टेकले. "नाही आला, पुष्पाबाई."

"थोडाबी नाही?"

"अजिबात नाही. दंडही दुखत नाही धड."

तिकडे मागे उकंडराव कुणाशी तरी भाजीच्या कॅरेटवरून भांडत होता. मी म्हटलं, "याचा अर्थ तुमचं शरीर खराब असा नाही हो. कुणाला येतो, कुणाला येत नाही. डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका—"

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमाले हाव म्हणाचं होतं, ताप आला म्हणून."

कांद्याची टोपली मी पायानं बाजूला सरकवली.

"हाव म्हणाचं होतं न तुमाले? मी घ्याव म्हणून?"

"होतं."

"अन् नाही म्हटलं."

"नाही आला तर काय म्हणू?"

मग त्या हसायला लागल्या. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा. "अवो, आता ऐकून राह्यले का तुमी?" त्या नवऱ्याला सांगत होत्या. "बाईले ताप नाही आला म्हणते. आता खरं बोलून राह्यली बाई!" पुन्हा फोनवर येऊन म्हणाल्या, "घेतो मी दुसरी. शुक्रवारी मशीन झाली की लगेच."

"अहो, पण मला तर काहीच झालं नाही. तुम्हाला कशावरून—"

"आला ताप तं आला. मले येतच असन. पण तो माहा हिशोब राहीन आता, तुमचा नाही."

मी म्हटलं, सोमवारी ताप असला आणि दारात थांबवलं, तर मीही आत जाणार नाही, तुमच्याजवळ बाहेर उभी राहीन.

"याडपणा करू नका. तुमी आपल्या मशीनवर जा." आणि मग: "फक्त भिताडाकडं तोंड करू नका."

शैलू


सोमवार, १९ जुलै

प्रिय योगिनी,

आता आठवडाभर लिहिणार नाही, हात दुखतो आहे. उजवा नाही, डावा, सुयांचा, कागद दाबून धरायचा.

शुक्रवारी त्यांनी घेतली. डिंपलनं या खेपेला आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, ताप असला तर दारातच तपासणी करून थोड्या वेळात निकाल, आणि जागा राखून ठेवायची. मला ते एप्रिलमध्ये सुचायला हवं होतं. एप्रिलमध्ये मला काहीच विचारायचं तोंड नव्हतं.

आज सकाळी माझ्या सुया लागल्या आणि मी काचेकडे बघत राहिले. मोटरसायकल आली. उकंडरावांनी आधी त्यांना उतरवलं, मग गोणी. त्या दारात आल्या, पदर मागे केला, कपाळ पुढे केलं. वस्तू वाजली.

ताप होता.

पुष्पाबाईंनी काचेतून आत पाहिलं, सरळ माझ्या कॉटकडे. मी पाहिलं. मान फिरवणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगते, न फिरवणं सोपं नव्हतं. त्या तपासणीसाठी बाहेर बाकावर बसल्या, निकाल येईपर्यंत अधूनमधून आत बघायच्या आणि मी तिथेच असायची. उकंडराव भाजी सोडून त्यांच्याजवळ उभा होता. एकदा त्यानंही आत पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

निकाल चांगला आला. डिंपल दार उघडून म्हणाली, "चला मावशी."

अंग तापलेलं होतं, चालताना भिंतीला हात लावत होत्या. कॉटवर बसल्या, चप्पल पायानंच सरकवली, डिंपलपुढे हात केला. सुया लागेपर्यंत डोळे मिटून होत्या. मला इतकं काही म्हणायचं होतं की मी उशीवरून मान उचलून त्यांच्याकडे बघत राहिले होते, नुसती बघत.

त्यांनी डोळे उघडले.

"बाई," त्या म्हणाल्या, "नाक."

माझा मास्क हनुवटीवर आला होता. मी मोकळ्या हातानं तो नाकावर घेतला.

तुझी
शैलजा